छोटा जनरेटर, मोठं बिल: प्रतापगडच्या जत्रेतल्या दुकानाला साडेतीनशे रुपये युनिटची वीज का पडते?

महाशिवरात्रीला गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडला मोठी जत्रा भरते. डोंगरावर महादेव आणि त्याच परिसरात ख्वाजा उस्मान हारुनी यांच्या नावाचा दर्गा. त्यामुळे इथे दोन्हीकडचे भाविक येतात. पूर्व विदर्भातून येतात, तसे छत्तीसगडच्या बाजूनेही येतात. नारळ, बांगड्या, खेळणी, भजी अशी दुकानं लागतात आणि अंधार पडला की प्रत्येक दुकानदाराला एकच प्रश्न पडतो. लाईट कुठून आणायची?

काही जण शेजाऱ्याकडून वायर ओढतात, काही जण बॅटरी आणि छोटा इन्व्हर्टर घेऊन येतात. पण पहिल्या रात्री बॅटरी उतरली की दुसऱ्या दिवशी ती चार्ज कुठे करायची? मग कोणीतरी सल्ला देतं, "छोटा जनरेटर घेऊन टाक ना, कटकट मिटली."

हा सल्ला फक्त जत्रेत मिळत नाही. रानडुकरांपासून धान वाचवायला झटका मशीन लावणारा शेतकरी तोच सल्ला ऐकतो. वादळात दोन दिवस लाईन गेली की घरच्या इन्व्हर्टरसाठी तोच विचार येतो. प्रतापगड-गोठणगाव परिसरात १९७२ मध्ये वसलेली नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. अशा वसाहतींमधली कुटुंबं हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटरची दुकानं लावतात. उघड्यावर दुकान मांडणाऱ्या प्रत्येकाची ही अडचण आहे.

म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ. बॅटरी चार्ज करायला छोटा जनरेटर घ्यावा का? घ्यायचाच असेल तर कोणता? आणि यात जिवाशी खेळ कुठे होतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर विदर्भाने फार वाईट पद्धतीने पाहिलं आहे, तिथेही येऊ.

आधी बघू, तुम्हाला वीज लागते तरी किती?

जनरेटरच्या दुकानात जाण्याआधी कागद-पेन घ्या. समजा तुमचं जत्रेतलं दुकान आहे. ९ वॅटचे ४ एलईडी बल्ब म्हणजे ३६ वॅट. एक छोटा पंखा २४ वॅट. दोन मोबाईल चार्जर मिळून २० वॅट. एकूण झाले ८० वॅट. रोज ६ तास चालवलं तर ८० गुणिले ६ म्हणजे ४८० वॅट-तास. मीटरच्या भाषेत अर्ध्या युनिटपेक्षाही कमी.

हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं गणित या अर्ध्या युनिटाभोवती फिरतं.

इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया जाते, त्यामुळे बॅटरीतून साधारण ५६५ वॅट-तास निघतील. १२ व्होल्ट, १०० एएचची लेड-अ‍ॅसिड बॅटरी कागदावर १२०० वॅट-तास साठवते. पण ही बॅटरी रोज पूर्ण रिकामी केली तर लवकर मरते. निम्मी वापरायची, निम्मी राखायची, हा साधा नियम. म्हणजे ६०० वॅट-तास हातात. आपलं काम बरोबर भागतं.

आता ही बॅटरी दुसऱ्या दिवशी भरायची आहे, आणि खरी मेख इथेच आहे.

बॅटरी तिच्या मर्जीने भरते, जनरेटरच्या नाही

टाकीत पाणी भरताना मोठा पंप लावला की टाकी लवकर भरते. बॅटरीचं तसं नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला तिच्या एएचच्या साधारण एक दशांश करंट द्यायचा असतो. १०० एएचच्या बॅटरीला १० अँपिअर, १५० एएचच्या बॅटरीला १५ अँपिअर. त्यापेक्षा फार जास्त दिला तर बॅटरी तापते, पाणी उडतं, आयुष्य घटतं.

१० अँपिअर म्हणजे चार्जरमधलं नुकसान धरून साधारण १६५ वॅट. पन्नासेक एएच परत भरायला साडेपाच तास लागतात. शिवाय बॅटरी भरत आली की ती करंट कमी-कमी घेते, म्हणजे सहा तास धरून चला.

बाजारातला सगळ्यात छोटा चांगला जनरेटर असतो १ केव्हीएचा. तो ८००-९०० वॅट देऊ शकतो आणि तुम्ही त्याच्याकडून मागताय १६५. म्हणजे बैलगाडीवर एक नारळ ठेवून गाडी गावभर फिरवायची आणि बैलांना वैरण मात्र पूर्ण घालायची.

वैरण किती लागते तेही बघू. होंडाचं ईयू१०आय हे जगभर विकलं जाणारं १ केव्हीए वर्गातलं मॉडेल उदाहरणादाखल घेऊ. कंपनीच्या आकड्यांनुसार त्याची टाकी २.१ लिटरची. पूर्ण लोडवर ती साधारण ४ तासांत संपते आणि पाव लोडवर ८ तास पुरते. म्हणजे लोड चौपट कमी झाला, पण पेट्रोल फक्त निम्मं झालं. इंजिनाला स्वतःला फिरत ठेवायलाच बरंच इंधन लागतं.

पाव लोडला तासाला साधारण पाव लिटरहून थोडं जास्त. सहा तासांचे १.६ लिटर. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं तर १६८ रुपये. आणि या पैशांत तुमच्या बल्ब-पंख्यापर्यंत पोचले ४८० वॅट-तास. भागाकार करा. एका युनिटला ३५० रुपये!

घरगुती मीटरवर पहिल्या १०० युनिटांचा दर १० रुपयांच्या आत आहे, हे इथे आठवून बघा.

अजून एक गंमत. बॅटरी न वापरता जनरेटरवर थेट बल्ब सहा तास लावले असते, तरी पेट्रोल जवळपास तेवढंच गेलं असतं. म्हणजे हळू चार्ज होणाऱ्या बॅटरीमुळे इंधनाची बचत होत नाही. फायदा इतकाच की आवाज दिवसा होतो आणि रात्री शांतता मिळते.

मग बिल कमी कसं होईल?

उत्तर जनरेटरमध्ये नाही, बॅटरी आणि चार्जरमध्ये आहे.

समजा त्याच ठिकाणी १०० एएचची लिथियम बॅटरी आहे. ई-रिक्षांमध्ये आणि नव्या इन्व्हर्टरमध्ये जी एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी येते, ती. ती ३० अँपिअर सहज घेते आणि जवळजवळ शेवटपर्यंत त्याच वेगाने घेते. तेवढीच वीज भरायला आता दीड तास पुरतो. जनरेटर निम्म्याहून जास्त लोडवर चालतो, म्हणजे पेट्रोलचं चीज होतं. दीड तासात साधारण ०.६ लिटर, म्हणजे ६३ रुपये. युनिटला १३० रुपये पडले. अजूनही महाग आहे, पण खर्च जवळपास एक तृतीयांशावर आला.

म्हणून पहिला नियम हा की जनरेटर शेवटी निवडायचा. आधी रोजची गरज, मग बॅटरी, मग चार्जर आणि त्यानंतर जनरेटर. दुकानात आपण नेमकं उलटं करतो.

दुसरा नियम, "मोठा घ्या, पुढे कामी येईल" या वाक्याला भुलू नका. २-३ केव्हीएचा साधा जनरेटर १६५ वॅटसाठी चालवला तर वरचं बिल आणखी फुगतं, कारण साधा जनरेटर लोड असो-नसो एकाच वेगाने फिरतो. का, ते आता बघू.

साधा जनरेटर आणि इन्व्हर्टर जनरेटर यात फरक काय?

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असते. साध्या छोट्या जनरेटरमध्ये इंजिन थेट अल्टरनेटर फिरवतं आणि ५० हर्ट्झ मिळवायला ते मिनिटाला ३००० फेऱ्यांवर फिरावंच लागतं. एक बल्ब लावा की दहा, इंजिन त्याच वेगाने ओरडत राहतं. लोड अचानक बदलला की व्होल्टेज आणि हर्ट्झ डचमळतात.

इन्व्हर्टर जनरेटरमध्ये इंजिनाची वीज आधी डीसी केली जाते आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट तिची स्वच्छ एसी बनवतं. त्यामुळे इंजिनाचा वेग लोडप्रमाणे कमी-जास्त करता येतो. आवाज कमी, पेट्रोल कमी, वजनही कमी. वर सांगितलेलं मॉडेल १३ किलोचं आहे, एका हाताने उचलता येतं. तोटा म्हणजे किंमत जास्त आणि सर्किट जळलं तर गावातल्या मिस्त्रीकडे काम होत नाही.

बॅटरी चार्जिंगचा लोड छोटा असतो आणि तासन् तास चालतो. त्यामुळे या कामापुरता कौल इन्व्हर्टर जनरेटरच्या बाजूने जातो. वेल्डिंग किंवा मोटारपंप चालवायचा असेल तर गणित वेगळं, तिथे साधा दणकट जनरेटर बरा.

डिझेलचं काय? छोट्या चार्जिंगसाठी डिझेल जनरेटरच्या वाटेला जाऊ नका. तो जड असतो, मोठा असतो आणि फार कमी लोडवर सतत चालवला तर इंधन अर्धवट जळून इंजिनात काजळी धरते. झाडीपट्टीच्या नाटकाचा मंडप उजळायला तो ठीक, चार बल्बांसाठी नाही.

आणि सोशल मीडियावर "सोलर जनरेटर" म्हणून जे सुटसुटीत डबे दिसतात, त्यांत इंजिन नसतंच. ती बॅटरी, इन्व्हर्टर आणि चार्जर एका पेटीत घातलेली वस्तू आहे. ती वीज तयार करत नाही, साठवते. ती भरायला पॅनेल किंवा मीटरची वीज लागतेच.

लेबलवर काय वाचायचं?

जनरेटरवर दोन आकडे असतात. एक मॅक्स आणि एक रेटेड. मॅक्स म्हणजे काही क्षण देता येणारी ताकद. सतत चालवायला बघायचा तो रेटेड आकडा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात कोणता असतो, हे सांगायला नको.

पुढचा घोळ केव्हीए आणि वॅटचा. स्वस्त चार्जर वीज सलग घेत नाही, झटक्या-झटक्याने ओढतो. याला कमी पॉवर फॅक्टर म्हणतात. ३० अँपिअरचा चार्जर कागदावर ४८० वॅट घेतो, पण पॉवर फॅक्टर ०.६५ असेल तर जनरेटरवर ताण पडतो ७३० व्हीएहून जास्त. १ केव्हीएला हे झेपतं. पण त्याच हिशोबाने ४० अँपिअरचा स्वस्त चार्जर लावला तर ताण ९८० व्हीएपर्यंत जातो आणि जनरेटर ट्रिप होतो. मग आपण म्हणतो, जनरेटर खराब निघाला. चार्जरवर पीएफसी म्हणजे पॉवर फॅक्टर करेक्शन असं लिहिलेलं असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

तिसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. बऱ्याच जनरेटरवर १२ व्होल्ट डीसीचं सॉकेट असतं आणि शेजारी बॅटरीचं चित्र असतं. बघून वाटतं, वेगळा चार्जर कशाला? पण त्यातून साधारण ८ अँपिअरच मिळतात आणि बॅटरी भरली की ते आपोआप थांबत नाही. गाडीची बॅटरी बसली तर तेवढ्यापुरतं ठीक. रोजच्या कामाला, आणि लिथियम बॅटरीला तर अजिबात नको. जनरेटरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटला चांगला ऑटोमॅटिक चार्जर लावणं हाच बरोबर मार्ग. लिथियम बॅटरीला लिथियमचाच चार्जर लागतो, हे वेगळं सांगून ठेवतो.

घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी भरायची असेल तर वेगळा चार्जरही नको. तुमच्या इन्व्हर्टरमध्ये तो असतोच. १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीला १५ अँपिअरने भरताना जनरेटरवर साधारण २७० वॅट, म्हणजे चारशेच्या आसपास व्हीए पडतात. १ केव्हीए पुरून उरतो. फक्त बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे "यूपीएस" आणि "नॉर्मल" असा खटका असतो. जनरेटरची वीज जरा डचमळते, म्हणून चार्ज करताना तो नॉर्मलवर ठेवा. नाहीतर इन्व्हर्टर ती वीज घ्यायलाच नकार देतो.

आणि शंभर टक्के भरायच्या नादी रोज लागू नका. लेड-अ‍ॅसिड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते, उरलेल्या २० टक्क्यांना खूप वेळ घेते. ते शेवटचे तास पेट्रोलवर काढणं म्हणजे पैशांचा धूर. मात्र आठवड्यातून एकदा तरी मीटरच्या विजेवर किंवा सोलरवर ती पूर्ण भरू द्या, कारण सतत अर्धवट राहिली तर प्लेटवर थर धरतो आणि बॅटरी बसते.

आता त्या रात्रीबद्दल

जुलै २०२१. चंद्रपूर शहराला लागून असलेलं दुर्गापूर. रात्री लाईन गेली म्हणून एका घरात जनरेटर सुरू केला. जनरेटर घराच्या आत होता. सकाळी शेजाऱ्यांना दार उघडलेलं दिसलं नाही. एकाच कुटुंबातले ६ जण गेले होते.

आग लागली नव्हती, शॉक बसला नव्हता. जीव घेतला होता कार्बन मोनॉक्साइडने. पेट्रोल असो की डिझेल, इंजिनाच्या धुरात हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. श्वासातून रक्तात गेला की तो ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, सुस्ती येते. माणसाला वाटतं दमलोय, झोपावं. झोपलेल्या माणसाला तर तेवढंही कळत नाही.

म्हणून काही नियम दगडावरची रेघ समजा. जनरेटर खोलीत नाही, ओसरीत नाही, गोठ्यात नाही आणि दुकानाच्या ताडपत्रीखालीही नाही. "खिडकी उघडी आहे" हे पुरेसं नाही. घरापासून किंवा झोपायच्या जागेपासून निदान २० फूट लांब, धुराचं तोंड माणसांच्या विरुद्ध दिशेला. जत्रेत दुकानदार दुकानातच झोपतात आणि दुकानं एकमेकांना चिकटून असतात. तुमच्या जनरेटरचा धूर शेजाऱ्याच्या ताडपत्रीत जातोय का, हेही बघणं तुमचंच काम आहे. चोरीच्या भीतीने जनरेटर आत घेतला जातो, हे खरं आहे. त्यावर उपाय साखळी आणि कुलूप. आत घ्यायचाच असेल तर बंद करून.

दुसरा धोका वायरमनच्या जिवाचा. काही घरांत दोन्ही बाजूंना पिन असलेली वायर करून जनरेटरची वीज थेट घरातल्या सॉकेटमध्ये सोडतात. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज उलटी महावितरणच्या तारेत जाते आणि ट्रान्सफॉर्मर तिचा दाब वाढवतो. खांबावर चढलेल्या माणसाला वाटतं लाईन बंद आहे. घराला जनरेटर जोडायचा तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. फक्त बॅटरी चार्ज करायची असेल तर घराच्या वायरिंगला हातच लावू नका. चार्जर किंवा इन्व्हर्टरची पिन सरळ जनरेटरमध्ये घाला.

तिसरा पेट्रोलचा. स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंत पेट्रोल ठेवायला पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार परवाना लागत नाही, पण घट्ट झाकणाचा योग्य डबा हवा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणि शेजारी भज्यांची कढई, हे दृश्य कुठल्याही जत्रेत दिसू नये. इंजिन गार झाल्याशिवाय टाकीत पेट्रोल ओतू नका. आणि चार्ज होणाऱ्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तो पेट घेतो, त्यामुळे बॅटरीलाही हवा खेळती हवी आणि जवळ विडी-काडी नको.

शेतकऱ्याने काय करावं?

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या पट्ट्यात धानाच्या बांधीत रात्री रानडुकरं शिरतात. म्हणून झटका मशीन लागतं. ते साधारण सेकंदाला एकदा, सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरता, जास्त व्होल्टेजचा झटका तारेत सोडतं. जनावर घाबरून पळतं, मरत नाही.

समजा मशीन १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतं. रात्रीचे १२ तास म्हणजे ६ एएच. २६ एएचची छोटी बॅटरी निम्मी वापरली तरी दोन रात्री पुरते. यासाठी जनरेटर घेणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. ४० वॅटचं एक पॅनेल उन्हाच्या दिवशी यापेक्षा जास्त वीज भरून देतं. पावसाळ्यात झड लागली तर बॅटरी घरी आणून मीटरच्या विजेवर चार्ज करायची. वन विभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी अनुदान मिळतं. त्याची चौकशी जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात करा.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. मीटरची किंवा जनरेटरची २३० व्होल्टची वीज थेट कुंपणात सोडणं. ही वीज थांबून-थांबून येत नाही, धरून ठेवते. विदर्भात अशा तारांनी वाघ मेले आहेत आणि रात्री बांधावरून चालणारी माणसंही मेली आहेत. हा गुन्हा आहे, आणि माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाच्या कलमांपर्यंत प्रकरण जातं.

नियम आणि कर बदललेत, त्याचा काय परिणाम?

तीन बदल लक्षात घ्या.

पहिला, प्रदूषणाचे नियम. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या जनरेटरना सीपीसीबी-४ प्लस हे कडक निकष लागू झाले. जुन्या निकषांचा माल स्वस्तात गळ्यात मारला जाऊ शकतो. लेबलवर काय लिहिलंय ते बघा आणि पक्कं बिल घ्या.

दुसरा, पेट्रोल स्वतःच बदललंय. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई२० पेट्रोल मिळतं. छोट्या इंजिनांच्या बऱ्याच पुस्तिकांत मात्र १० टक्क्यांचीच मर्यादा लिहिलेली असते. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. जत्रा संपली, जनरेटर टाकीतल्या पेट्रोलसकट वर्षभर कोपऱ्यात ठेवला, तर पुढच्या महाशिवरात्रीला कार्बोरेटर चोंदलेला सापडणार. घेताना "ई२० चालतं का?" हे विचारा आणि काम झालं की टाकी व कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

तिसरा, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर पॅनेलवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. लेड-अ‍ॅसिड बॅटरीवरचा २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे करांचं पारडं पॅनेल आणि बॅटरीकडे झुकलं आहे.

पण इथे एक पोकळी आहे, आणि ती नीट पाहायला हवी. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, पण ते छतावरच्या, महावितरणच्या लाईनला जोडलेल्या पॅनेलला. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के वाटा भरून पंप मिळतो, पण ती सिंचनाची योजना. ज्याचं दुकानच आज प्रतापगडला, उद्या दुसऱ्या गावच्या मंडईत असतं, त्याच्याकडे ना छप्पर, ना सातबारा. त्याच्या २०० वॅटच्या फिरत्या पॅनेलला या दोन्ही योजनांत जागा नाही. सगळ्यात महाग वीज सगळ्यात छोटा धंदा वापरतो, ती अशी.

२०० वॅट हा आकडा उगाच घेतलेला नाही. फेब्रुवारीच्या उन्हात एवढं पॅनेल नुकसान वजा जाता दिवसाला साधारण ७०० वॅट-तास देतं. आपल्या दुकानाची लेड-अ‍ॅसिड बॅटरी परत भरायला तेवढंच लागतं. महाशिवरात्रीची जत्रा नेमकी स्वच्छ उन्हाच्या दिवसांत येते. म्हणजे ज्या कामासाठी जनरेटरला रोज १६८ रुपयांचं पेट्रोल लागतं, तेच काम दुकानाच्या छपरावर बांधलेलं पॅनेल फुकटात करू शकतं.

मग शेवटी घ्यायचं काय?

जत्रेत महावितरणची तात्पुरती जोडणी मिळत असेल तर पहिली पसंती तिलाच. चार दुकानदारांनी मिळून ग्रामपंचायतीकडे आधी मागणी केली तर सगळ्यांचंच काम होतं.

ती नसेल आणि ऊन असेल तर पॅनेल. झटका मशीनसाठीही पॅनेलच.

पावसाळ्यात किंवा वादळानंतर दोन-तीन दिवस लाईन नसते, घरात आजारी माणूस आहे, काम थांबवून चालत नाही, अशा वेळी जनरेटरला खरा अर्थ आहे. तेव्हा १ केव्हीए वर्गातला इन्व्हर्टर जनरेटर आणि बॅटरीला साजेसा ऑटोमॅटिक चार्जर. दिवसा दोन-चार तास चालवायचा. तो सुरू असतानाच मोबाईल, टॉर्च, लॅपटॉप सगळं एकदम चार्ज करायचं, म्हणजे लोड वाढतो आणि पेट्रोल सार्थकी लागतं. पाच जणांत मिळून एक घेतला किंवा भाड्याने आणला तर आणखी उत्तम.

दुकानात पैसे मोजण्याआधी हे पाच प्रश्न विचारा.

१. रेटेड किती वॅट आणि किती व्हीए? मॅक्स नको, रेटेड सांगा.
२. पाव लोडवर तासाला किती पेट्रोल लागतं?
३. सीपीसीबी-४ प्लस आहे का, आणि ई२० चालतं का?
४. सर्व्हिस कुठे? अर्जुनी, साकोली, वडशात होते की थेट नागपूर गाठावं लागेल?
५. माझा चार्जर इथेच लावून तासभर चालवून दाखवता का?

पाचव्या प्रश्नाला दुकानदार टाळाटाळ करायला लागला तर दुसरं दुकान बघा.

आणि ही पोस्ट तुमच्या गावच्या ग्रुपवर टाकणार असाल, तर पेट्रोलचं गणित नाही पोचलं तरी चालेल. दुर्गापूरची गोष्ट तेवढी पोचवा. जनरेटर घराच्या आत नाही. एक रात्रसुद्धा नाही.